म्हशींच्या नावांचा कागद

आप्पांवर जो आळ आला तो खरा माझा होता. एका वाक्यात मी तो त्यांच्या अंगावर ढकलला आणि चाळीस-पन्नास माणसांसमोर गप्प उभा राहिलो. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी हे लिहायला हवं. नाहीतर पुढचं सगळं कौतुक मलाच खोटं वाटेल.

जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो आणि आप्पा मलमपट्टी करणारे ड्रेसर. जांबोटीच्या पलीकडची, रानातली पाच-सहा गावं आम्हा दोघांकडं होती. माणसाचा चेहरा आप्पांच्या लक्षात राहत नसे, हात राहायचे. एकदा बेळगावच्या खडेबाजारात एकानं त्यांना अडवलं. "काय आप्पा, वळखलं न्हाय व्हय?" आप्पांनी त्याचा उजवा हात धरला, उलटा केला, बोटं चाचपली आणि म्हणाले, "वरच्या आळीतल्या मोरीची धार काढतोस की रं तू! अंगठा बरा झाला न्हवं?" तो माणूस हसत सुटला. मोरी म्हणजे त्याची म्हैस.

ही खोड नव्हती, कामाची रीत होती. आमच्या भागात म्हशींच्या सडांवर अधूनमधून देवीसारखे फोड उठतात. विषाणूचा रोग. धार काढणाऱ्याच्या बोटांवर तेच फोड येतात, ठणकतात, ताप येतो. तो हात दुसऱ्या म्हशीला लागला की रोग पुढच्या गोठ्यात. म्हशीला फोड आलेत हे कुणी सांगायला येत नाही, कारण डेअरीला कळलं तर दूध बंद. म्हणून आप्पा रोज सकाळी डेअरीच्या पायरीवर जाऊन बसायचे आणि किटली ओतणारे हात बघायचे. "जनावर बोलत न्हाय, माणूस खरं बोलत न्हाय," ते म्हणायचे, "हाताला मातर लपवाय जमत न्हाय, साहेब."

बायका त्यांची चेष्टा करायच्या. पार्वतीआक्का तर रोजच. "आप्पा, माझ्या हातात सोन्याच्या पाटल्या हायत का बघा की!"

"पाटल्या कुठं दिसंनात गं. चिंधी तेवढी दिसालिया. सोड बघू ती."

चिंधी सुटायची, फोड दिसायचा आणि दुपारी आप्पा तिच्या गोठ्यात हजर. चांगल्या म्हशी आधी पिळायच्या, आजारी म्हैस शेवटी. मग साबणानं हात. डोळ्याला, पोराला हात लावायचा नाही. आजारी म्हशीचं दूध डेअरीला घालायचं नाही. एवढं कबूल केलं तर आप्पा धारेच्या चरवीला हात लावून शब्द द्यायचे, तुमचं नाव माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. चरवीवरचा शब्द त्या भागात कोणी मोडत नसे.

या गोठ्यांत शिरणं त्यांना सोपं गेलेलं नव्हतं. "माझा बा मेलेली जनावरं ओढायचा," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, अगदी सहज, सुई उकळताना. "त्याला अंगणाच्या आत घेत न्हवती. मी जित्ती धरतो. मला गोठ्यात घेत्यात, आता चुलीम्होरं बसवून चा देत्यात. तीस वर्सं लागली बघा." त्यांच्या घरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली खिळ्याला नोकरीचा खाकी डगला. तो ते रविवारीसुद्धा इस्त्री करून ठेवायचे.

फोड आलेल्या घरांची यादी ते मला द्यायचे, पण त्यात एकाही माणसाचं नाव नसायचं. चंद्री, मोरी, हरणी, बाळंतीण भुरी अशी म्हशींची नावं, पुढं किती दिवस झाले आणि माणसाच्या कुठल्या बोटाला. मी एकदा म्हटलं, "आप्पा, मालकाचं नाव लिहा की." ते म्हणाले, "माणसाचं नाव लिवलं की ती तक्रार हुती. म्हशीचं लिवलं की केसपेपर." कागद हातात देताना दर वेळी सांगायचे, "वाचा, औषध काढा आन फाडा." मी फाडायचो.

एका पावसाळ्याच्या शेवटी फोड जरा जास्तच घरांत दिसले. मी बेळगावला फोन केला. वरचे साहेब बैठकीत होते. म्हणाले, "तोंडी काय सांगताय? लेखी टाका काहीतरी, आत्ताच्या आत्ता." आप्पांचा सकाळचा कागद माझ्या खिशात होता. मी तो टेबलावर ठेवला, फोटो काढला आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

पुढं बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो की तो चुकून तिथं गेला. चुकून नव्हता. ग्रुपवर टाकलं की सगळ्या साहेबांना एकदम दिसतं आपण किती तत्पर आहोत ते, म्हणून टाकला. बेळगावात बसलेल्यांना चंद्री कोण आणि हरणी कोण हे काय कळणार, असं वाटलं. पण जनावरांच्या लम्पी रोगाच्या साथीत त्या ग्रुपवर डेअऱ्यांचे सेक्रेटरीही घेतले होते. आणि गावच्या सेक्रेटरीला म्हशीचं नाव सांगणं म्हणजे घराचं दार दाखवणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या घरांचं दूध परत गेलं. चांगल्या म्हशींचंसुद्धा. आप्पा आणि मी पोचलो तेव्हा डेअरीपुढं गर्दी होती. सेक्रेटरीनं मोबाइल पुढं धरला. "अक्षर कुणाचं हाय हे?"

"माझं," आप्पा म्हणाले.

पार्वतीआक्का रिकामी न झालेली किटली घेऊन उभी होती. "चरवीला हात लावलासा न्हवं, आप्पा? माझ्या चुलीम्होरं बसून?"

आप्पांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. त्यांनी विचारलं नाही, बोट दाखवलं नाही. नुसतं पाहिलं आणि थांबले. तेव्हा मी बोलायचं होतं. मी बोललोही. म्हणालो, "मला लेखी रिपोर्ट आला, तो नियमाप्रमाणे मी पुढं पाठवला."

रिपोर्ट! मी हा शब्द वापरला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "सरकारचा माणूस शेवटी सरकारचाच." आप्पांनी मान खाली घातली, पायरीवरची पिशवी उचलली आणि दवाखान्याकडं चालू लागले.

लोकांनी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट केलं. दोन दिवसांनी आम्ही पार्वतीआक्काकडं गेलो तर चहा आला, पण अंगणात. गोठ्याचं दार ओढून घेतलेलं. आप्पांनी उभ्यानंच कप संपवला, स्वतः विसळून कट्ट्यावर पालथा ठेवला. वाटेत एवढंच म्हणाले, "माझ्या बाला हितंच उभा करत हुते."

डेअरीवर चिंध्या दिसेनाशा झाल्या. ज्या बायकांची बोटं चिघळली त्या घरी राहू लागल्या, किटली नवरा नाहीतर दीर आणू लागला. पुढच्या वर्षी पुन्हा फोड उठले, ते आम्हाला कळलेच नाहीत. पार्वतीआक्कानं हात पदराखाली ठेवला, कुणाला दाखवला नाही, आणि त्याच हातानं डोळा चोळला. बेळगावच्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. त्या डोळ्यानं तिला आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

मी अर्ज करून बदली घेतली, बेळगावला, ऑफिसात. आप्पा निवृत्त होऊन निपाणीला मुलीकडं गेले. ती तिथं हायस्कूलला शिकवते. माझ्या टेबलावर आता दर आठवड्याला गावोगावचे रोगाचे तक्ते येतात. त्या गावांपुढं कायम 'निरंक' असतं, म्हणजे एकही आजारी जनावर नाही. वरचे साहेब खूश असतात. त्या निरंकाचा अर्थ ऑफिसात मला एकट्यालाच कळतो.

गेल्या महिन्यात असाच एक तक्ता आला आणि मी रजा टाकून निपाणीची बस धरली. आप्पा दारात पेपर वाचत बसले होते. थकले होते. मी पायांशी वाकायला गेलो तर त्यांनी पाय मागं घेतले. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर मांडीवर ठेवला.

"कागद फाडला न्हाईसा, ते तवाच कळलं हुतं."

"मग बोलला का नाहीत, आप्पा?"

"बोललो असतो तर तुमास्नीबी गोठ्यात घेतलं नसतं. मग म्हशी कुणी बघायच्या? दोघांतला एक तरी आत पायजे, म्हणून मी भाईर ऱ्हायलो." त्यांनी पेपराची घडी घातली. "आन तुमी काय केलासा? बदली घेतलासा."

मी हात जोडले. माफ करा म्हणायला तोंड उघडलं.

"हितं नको," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "हितं कोन हाय ऐकायला? जिथं गप बसलासा तिथं जाऊन बोला. चा घ्या आन निघा."

चहा त्यांनी मला आत, स्वयंपाकघरात बसवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून मी गावात पोचलो. डेअरीपुढं रांग होती. सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, आज इकडं कुठं वाट चुकलासा?" रांगेत पार्वतीआक्का होती. 'साहेब' ऐकून तिनं चांगल्या डोळ्यानं पाहायला मान वळवली. पाठ केलेली वाक्यं मला आठवेनात. जे आलं ते बोललो.

"तो कागद आप्पांनी मला फाडायला दिला होता. मी फाडला नाही. साहेबांत शहाणा ठरायला मी तो ग्रुपवर टाकला. इथं उभं राहून त्याला रिपोर्ट म्हणालो, तो रिपोर्ट नव्हता. आप्पांनी शब्द मोडला नाही, मी मोडला, तुमचा आणि त्यांचा. त्यांना अंगणात उभं केलंत ते माझ्यामुळं. आक्का, तुमचा डोळा गेला तोही माझ्यामुळं. मला माफ करा."