चॅनल सातचा सेल

"चॅनल सात मोकळा करा," मॅनेजर म्हणाले. "क्लायंटचं सॅम्पल लावायचंय."

मी नाही म्हणाले. बॅटरी टेस्टरच्या त्या चॅनलवर आबांचा बॅटरी-सेल लावलेला होता, आणि आबा शिरूरच्या दवाखान्यात होते.

आबा न्हावऱ्याचे. कोरेगाव भीमाजवळच्या आमच्या लॅबचे सीनियर केमिस्ट, मी त्यांच्या हाताखाली. काम बॅटरीच्या इलेक्ट्रोडचं. त्यात कार्बन नॅनोट्यूब घालतात. केसापेक्षा कितीतरी बारीक नळ्या, करंट वाहून नेणाऱ्या. पण ही काळी पूड भारी मानी. पाण्यात मिसळत नाही, गोळे धरते. म्हणून आधी ॲसिडमध्ये ठेवून तिचा पृष्ठभाग बदलायचा. ॲसिड कडक झालं की नळ्याच तुटतात. कंपनीला उरकायची घाई, त्यामुळं कडकच वापरायचे. आबा भांडायचे, "दमानं घ्या की. कातडं मऊ करायचंय, हाडं मोडायची न्हाईत."

शेवटी त्यांनी सौम्य ॲसिडमधल्या नळ्यांचा सेल बनवून टेस्टरला लावला. टेस्टर सेलला चार्ज-डिस्चार्ज करत राहतो, मरेपर्यंत. जुना सेल जिथं मान टाकायचा, ती खूण आबांच्या सेलनं ओलांडली तर रेसिपी बदलायची, असं ठरलं. आन् मध्येच आबांचं लिव्हर बिघडलं.

मेलेल्या सेलला आम्ही 'गेला' म्हणतो. आबा दवाखान्यातून रोज संध्याकाळी फोन करायचे. ना नमस्कार, ना चमत्कार. "हाय का गेला?" मी म्हणायची, "हाय." फोन बंद.

हे सगळं मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, आठवडाभर राहू दे.

त्याच आठवड्यात सेलनं खूण ओलांडली. संध्याकाळी आबांच्या नंबरवरून फोन आला. मी समोरच्याला बोलूच दिलं नाही. "हाय आबा, हाय! खूण मागं टाकली!"

पलीकडं काकू होत्या, आबांच्या मिसेस. म्हणाल्या, "गेले."

मला वाटलं, सेलचंच विचारतायत. "न्हाई हो काकू, चालू हाय."

पलीकडून हुंदका आला. मग मला त्यातला 'ले' ऐकू आला. सेलला कोण अहो-जाहो करतं? मी तिथंच टेस्टरला टेकून रडले.

रेसिपी बदलली. आबांना ते कळलं नाही, ही रुखरुख काही जात नाही.

सेल पुढं बरेच महिने चालला. एका सकाळी ऑपरेटर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, चॅनल सात... गेले."

कुणी हसलं नाही. मी चॅनल मोकळा केला. आता फोन उचलला की आधी समोरच्याला बोलू देते.