हौसामावशीची सुई

दर गुरुवारी सकाळी माझ्या दुकानासमोरच्या ओसरीवरून एक चापट ऐकू यायची. चांगली सणसणीत. पाठोपाठ हौसामावशीचा आवाज, "हलू नगं गं बाये, झालंच, झालंच!" नवखं गिऱ्हाईक दचकून विचारायचं, "शेठ, तिथं म्हैस बांधलीय का?" मी म्हणायचो, "म्हैस कसली! मावशी स्वतःला इंजेक्शन देतेय." जनावरांचे डॉक्टर सुई मारायच्या आधी म्हशीला थाप देतात, तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. मावशीनं जन्मभर म्हशींच्या माना धरल्या होत्या, त्यामुळे थापेशिवाय सुई तिच्या हिशेबात बसतच नव्हती.

मी डिंभ्यातला किराणावाला. माझे आजोबा राजस्थानातून इकडे आले. गाव मला शेठ म्हणतं, पण शेठपणाची खूण म्हणावी तर दुकानातला इन्व्हर्टरवर चालणारा फ्रीज, बास. त्या फ्रीजपायीच या बाईशी माझी गाठ पडली.

मावशीच्या किडन्या थकत चालल्या होत्या. डायलिसिसची वेळ आली नव्हती, पण किडनी थकली की अंगात रक्तही धड तयार होत नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. चेहरा पांढराफटक, ओसरीची पायरी चढली तरी धाप. जुन्नरच्या डॉक्टरांनी रक्तवाढीसाठी आठवड्याला एक इंजेक्शन सांगितलं. पण दर आठवड्याला जुन्नर गाठायचं कसं? आमच्याकडची एसटी म्हणजे आली तर आली.

तिचा मुलगा नामदेव चाकणला कंपनीत. तो लगेच धावत आला. "आई, माझ्याकडं चल. बिल्डिंगच्या खालीच दवाखाना आहे." पोरगं खरंच चांगलं, बोलण्यात काही खोट नाही. पण मावशी म्हणाली, "नामा, एकदा धरणानं उठवलं मला. चूल, गोठा, आंबा, समदं पाण्याखाली गेलं. आता या घरातनं न्हाई उठायची."

"अगं, पण तुला टोचणार कोण?"

"मी."

मी दुकानातून हे ऐकत होतो. खरं सांगतो, मला हसू आलं.

पुढच्या आठवड्यात मी माल भरायला जुन्नरला निघालो, तर मावशी गाडीत येऊन बसलेली. दवाखान्यात सिस्टरनं औषध भरलेली तयार सिरिंज तिच्या हातात दिली. मावशीनं ती घेतली आणि खळाखळा हलवायला लागली.

"अहो मावशी, हलवू नका! खराब होतं ते!"

"म्हशीचं तर हलवूनच देत्यात."

"तुम्ही म्हैस आहात का?"

"कामाला व्हते की इतकी वर्सं!"

सिस्टर हसत हसत खुर्चीत बसली. ती सिरिंज बाजूला ठेवून तिनं दुसरी काढली, पोटाची चिमूट कशी धरायची ते दाखवलं. मावशीनं चिमूट धरली, सुई जवळ नेली आणि हात थांबला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो, कारण सुई दिसली की मला घेरी येते. सिस्टर म्हणाली, "राहू द्या, आज मी देते." मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती म्हणाली, "नगं. आज तुमी दिलं तर पुढच्या गुरवारीबी तुमीच लागनार." आणि फाडकन स्वतःच्याच कुशीवर थाप मारून तिनं सुई आत घातली. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला, की ही आपली कोणी लागत नाही याचाही विसर पडला.

मग औषधाची खोकी माझ्या फ्रीजमध्ये आली. दह्याच्या शेजारी! बायको चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. गुरुवारी मावशी खोकं घ्यायची आणि माझ्याच पायरीवर सिरिंज तळहातावर ठेवून बसायची, कारण "गार टोचलं की लई चावतंय." औषधाचा गारवा जाईपर्यंत तिचं बोलणं ऐकावं. "शेठ, दुखनं पावन्यासारखं असतंय. आलं तर बसाया द्यायचं, पर घराची किल्ली न्हाई द्यायची."

एकदा पावसात वीज गेली ती गेलीच. इन्व्हर्टरनंही मान टाकली. धरणावरचा एक मासेवाला मोठ्या मनानं बर्फाची पेटी घेऊन आला. माझ्या दुकानात, मासळीची पेटी! मी काही बोलायच्या आत मावशीच ओरडली, "बर्फ नगं रं बाबा! गोठलं की औषध मेलं!" शेवटी ती खोकी मीच ओल्या फडक्यात गुंडाळून मोटारसायकलवर घोडेगावच्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. वाटभर मावशीला शिव्या घालत होतो, आणि गाडी मात्र जपून चालवत होतो.

हे कळल्यावर नामदेव पुन्हा आला, जीप घेऊनच. "बास झाले आई, हे खेळ." नेमका गुरुवार होता. मावशीनं त्याला ओसरीवर समोर बसवलं. तो तोंड फिरवायला लागला तर म्हणाली, "इकडं बघ. तुझी आई कशी जगती ते तुला ठावं नगं?" तो बघत राहिला. गाल ओले झाले तरी पुसले नाहीत. संध्याकाळी जीप रिकामी परत गेली. तोवर मावशीच्या चेहऱ्यावर रंग आला होता, धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जायची, एक शेळीही घेतली होती.

पण किडनी ती किडनीच. काही वर्षांनी डॉक्टर म्हणाले, आता डायलिसिसला पर्याय नाही. आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो. नामदेव हळूच म्हणाला, "आई, आता तरी चल." मीसुद्धा म्हणालो, "मावशी, जा. आता हट्ट नको." तिनं मान खाली घातली. मला वाटलं, हरली बिचारी. मला फार वाईट वाटलं.

मग तिनं मान वर केली. "डॉक्टर, ते घरी करता येतं का?"

डॉक्टरांनी नामदेवकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पोटात एक नळी बसवतात, पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं. रोज, न चुकता, अगदी स्वच्छ हातानं. घरी होतं, पण शिकावं लागतं.

"मग शिकवा की."

आणि शिकली. आतल्या खोलीला चुना दिला, शेळीला तिथून हद्दपार केलं. मी भेटायला गेलो तर दारातच दरडावायची, "शेठ, आधी हात धुवा! तोंडाला फडकं कुठंय?" शेठ असून मी मुकाट्यानं हात धुवायचो.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आपल्याच घरात, सकाळचा चहा घेऊन. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नामदेव माझ्या दुकानात आला. घराला कुलूप लावून आला होता. मग म्हणाला, "शेठ, दर खेपेला मी तिला न्यायला यायचो, आणि दर खेपेला ती काहीतरी नवीन शिकून बसलेली असायची."