बर्फावरचे म्हात्रे

दोष भाऊकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कोणाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची पद्धत नाही, तुमच्याही नसणार. भाऊकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. पनवेलजवळचं आमचं सगळं कोन गाव त्यांना भाऊ म्हणतं. मी तोंडावर भाऊकाका म्हणतो. मनात काय म्हणतो ते चहा पिताना सांगण्यासारखं नाही.

पण माती खाल्ली ती मी. कशी खाल्ली, किती खाल्ली, ऐका. आणि चहात साखर कमी वाटत असेल तर आत्ताच मागून घ्या, मधे उठायचं नाही.

मी इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते विचारू नका, विचारणारे भरपूर आहेत. सोडल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं? घरचं वायफाय काढलं. बाबा उरणला पोर्टात कामाला. आयुष्यभर लोकांचे कंटेनर अडवून ठेवले, त्यांना पोराचं इंटरनेट अडवायला कितीसा वेळ लागणार? तेव्हापासून मी गावच्या क्रिकेट मंडळाच्या ऑफिसात जाऊन बसायला लागलो. तिथे वायफाय होतं, पंखा होता, आणि भिंतीवर भाऊकाकांचा हात जोडलेला भलामोठा फोटो होता. त्या फोटोखाली बसून मी हॉकी खेळायचो.

हॉकी म्हणजे बर्फावरची. आणि खेळायचो म्हणजे खेळायचो नाही. थांबा, सांगतो.

ही इंटरनेटवरची लीग. नाव सांगत नाही, त्यांनीही माझं नाव काढून टाकलंय. तिथे आपण एक खेळाडू बनवायचा. नाव, उंची, वजन, जागा, सगळं आपल्या मनाने. मग दर आठवड्याला त्याच्याबद्दल काहीतरी लिहायचं, त्याचे पॉइंट मिळतात, ते पॉइंट त्याच्या वेगात नाहीतर नेमात घालायचे. मॅच संगणक खेळतो. आपण निकाल बघायचा आणि जगभरातल्या लोकांशी त्यावर भांडायचं. बस, एवढंच.

हे मी बाबांना एकदा समजावलं होतं.

"म्हणजे तू पळत नाहीस?"

"नाही."

"बटणंपण दाबत नाहीस?"

"नाही."

"मग हरतं कोण?"

"मी."

"न खेळताच हरायचं होतं तर कॉलेज काय वाईट होतं?"

असला विनोद बाप करतो आणि अख्खं घर हसतं. असो.

माझ्या खेळाडूचं नाव होतं व्हिक्टर कोन. हसा. तीन वर्षं वाढवला मी त्याला. सुरुवातीला नुसता आपटायचा बर्फावर. शेवटी शेवटी असा गोल मारायचा की स्वीडनची, कॅनडाची माणसं मला मेसेज करून विचारायची, वेग आधी वाढवलास की नेम? मला! ज्याला घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा कोणी विचारत नाही!

लीगचा प्रमुख होता युहा. फिनलंडचा. शाळेची बस चालवायचा. अशा लीगना एकच रोग असतो आणि तो युहाने मला समजावला होता: माणसं येतात, टिकत नाहीत. नवीन माणूस येतो, खेळाडू बनवतो, दोन दिवस लाडात येतो, मग गायब. ही माणसं टिकवायचं काम त्याने माझ्याकडे दिलं. मी ते चोख करायचो. प्रत्येक नव्याला स्वतः मेसेज, त्याचा खेळाडू कुठे कमी पडतोय ते समजावणं, हरला की समजूत. माझ्या इतक्या समजुती कोणी काढल्या असत्या तर मी आज इंजिनीअर असतो.

मग एक दिवस युहा म्हणाला, पुढच्या सीझनला एक नवा संघ वाढवायचाय. तू नवीन माणसं आण, सीझन संपेपर्यंत टिकवून दाखव, संघ तुझा. मॅनेजर तू, नाव तू ठरवायचं.

"पनवेल," मी तिथल्या तिथे लिहिलं. स्पेलिंग त्याने दोनदा विचारून घेतलं.

आता बघा, जगातल्या कुठल्यातरी फळ्यावर टोरांटो, हेलसिंकी आणि पनवेल. एका ओळीत. मला त्यापलीकडे काही नको होतं. खरंच नको होतं.

कॉलेजच्या मित्रांना धरलं. एकाने खेळाडूला आमच्या एचओडींचं नाव दिलं, त्यांना पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या बाकावर, बसलेलं बघून पोटभर हसला आणि गेला. बाकीचे म्हणाले, प्लेसमेंट होऊ दे मग बघू. अजून बघतायत.

मी फोटोखाली तोंड पाडून बसलेलो असताना खुद्द फोटोवाले आत आले. हायवेत जमीन गेल्यापासून भाऊकाकांकडे वेळच वेळ आहे, आणि तो ते दुसऱ्यांच्या भानगडीत घालवतात.

"काय रं, कोन मेला?"

"माणसं पाहिजेत, भाऊकाका. लीगला."

"किती?"

"मिळतील तेवढी. पण ती टिकली पाहिजेत."

भाऊकाका खुर्चीत बसले. "आरं येड्या, मानसा जमवायची आनि टिकवायची, आमी आयुष्यात दुसरं काय केलं?"

त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकमेव खरं वाक्य. तिथे मी उठून जायला हवं होतं. मी म्हटलं, "बघा ना जरा."

त्यांनी बघितलं.

रविवारी मंडळाच्या ऑफिसासमोर मांडव! गावाच्या कमानीवर फ्लेक्स! फ्लेक्सवर गोलकीपरच्या चिलखतात भाऊकाका, खाली "बर्फावरचे वाघ". पिवळे टी-शर्ट, पाठीवर "आइस हॉकी विभाग". आत एका टेबलावर मी, आणि समोर अख्खी भावकी रांगेत. दूधवाला दिनेश आला, दोन चुलत चुलते आले, मासे विकून टोपली घेऊन थेट कमळीआत्या आली.

"दांडा कोनाला मारायचा रं?"

"कोणाला नाही, आत्या. संगणक मारतो."

"मंग मी कनाला आयले?"

"भाऊकाकांनी बोलावलं म्हणून."

"हा, ता बरोबर हाय."

बाबासुद्धा आले! न खेळता हरण्यावर विनोद करणारे माझे बाबा पिवळा टी-शर्ट घालून रांगेत उभे. का? भाऊंचा फोन आला होता.

लीगचा एक नियम होता: एका माणसाचं एकच खातं. एका वायफायवरून दोघं खेळत असतील तर आधी कळवायचं, नाहीतर एकाच माणसाने खोटी खाती काढली असं धरणार. हा नियम नवीन लोकांना समजावून कोण सांगायचं? मी. मग मी कळवलं का? नाही. म्हटलं, माणसं तर खरी आहेत, कळवू सावकाश. एका वायफायवर अख्खं गाव बसलंय हे फिनलंडच्या माणसाला कुठल्या वाक्यात कळवायचं, तेच मला सुचत नव्हतं. आणि मनात पनवेल दिसत होतं ना, फळ्यावर.

तर एका दुपारीत लीगमध्ये तीसेक नवे सदस्य. सगळ्यांचं आडनाव म्हात्रे.

आणि टिकले! असे टिकले की विचारू नका. युहाने लिहिलं, इतकी माणसं कोणीच टिकवली नव्हती, तुझी पद्धत काय? मी लिहिलं, आपुलकी. खरी पद्धत अशी, की रोज संध्याकाळी भाऊकाका गावच्या ग्रुपवर विचारायचे, "अजून कुनी टाकला नाय?" आणि ज्याने टाकला नसेल तो घाबरून टाकायचा.

काय टाकायचा? आठवड्याचा मजकूर. तो भाऊकाकांनी एकदाच लिहिला, फोनवरच इंग्रजी करून घेतला आणि ग्रुपवर सोडला, "सर्वांनी हाच टाकावा." आमच्याकडे वाढदिवसाला असंच असतं, कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. "माझा खेळाडू चांगला आहे. त्याला भाऊंचे मोलाचे मार्गदर्शन लाभले." लीगच्या पानावर खालपासून वरपर्यंत तेच. दिनेशने घाईत दुसऱ्याच ग्रुपवरचा मेसेज चिकटवला, भावपूर्ण श्रद्धांजली. तेवढा एकच वेगळा. त्याला स्वतंत्र विचारासाठी जादा पॉइंट मिळाले.

मी सगळ्यांना सांगू शकलो असतो की बाबांनो, स्वतःच्या दोन ओळी लिहा. एकदा सांगायला गेलोही. भाऊकाका म्हणाले, "त्यांना कशाला तरास? मी हाय ना." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. गावाचं हे असं आहे. विचार करायला एक माणूस नेमलाय, बाकीचे रिटायर.

मग सीझनचा सर्वोत्तम नवा खेळाडू निवडायची वेळ आली. मतदान! मतदान हा शब्द भाऊकाकांच्या कानावर पडायला नको होता, पण पडला.

भाऊकाकांचा खेळाडू गोलकीपर. नाव भाऊ म्हात्रे, उंची साडेसहा फूट. स्वतः माझ्या खांद्याला लागतात. त्याच्या अंगावरून गोल असे जायचे, जशा टोल बंद असताना गाड्या जातात. लीगमध्ये त्याच्याइतका वाईट गोलकीपर नव्हता, आणि तो प्रचंड मतांनी सर्वोत्तम निवडून आला. गावात फटाके वाजले. फिनलंडमध्येही वाजले, पण वेगळे.

जुनी माणसं चवताळली. हे सगळे म्हात्रे म्हणजे हा पोरगाच आहे, म्हणाले. एकच वायफाय, एकच मजकूर, एकच मत. आणि मला सांगा, त्यांचं काय चुकलं?

युहाने मात्र लगेच हाकललं नाही. म्हणाला, माझा तुझ्यावर विश्वास आहे, व्हिडिओ कॉल लाव, माणसं दाखव.

दुपारी ऑफिसात सगळे जमले. पिवळे टी-शर्ट, कमळीआत्या पुढच्या रांगेत. स्क्रीनवर युहा, मागे त्याच्या स्वयंपाकघरात किटली. पहिल्यांदाच चेहरा बघत होतो त्याचा. दमलेला, चांगला माणूस.

तो म्हणाला, प्रत्येकाने आपला खेळाडू कुठल्या जागेवर खेळतो तेवढं सांगा. मी मराठीत सांगितलं. कमळीआत्याने तोंड उघडलं.

"डिफेन्स," भाऊकाका म्हणाले.

युहा म्हणाला, त्यांना बोलू द्या. दिनेशकडे बोट केलं. दिनेशने भाऊकाकांकडे बघितलं.

"ह्यो बी डिफेन्स. त्यो मागचा बी डिफेन्स. सगले डिफेन्स."

"सगळेच?" मी विचारलं.

"मंग? गोलकीपर मी हाय. माज्यापुढं उभं रायला मानसा नकोत?"

याचं मी भाषांतर केलं. का केलं? देव जाणे.

युहाने उठून मागची किटली बंद केली. मग म्हणाला, "ही माणसं खरी आहेत, मला पटलं. पण इथे सदस्य एकच आहे." नियमाप्रमाणे त्या वायफायवरचं एकच खातं राहील, बाकीची जातील. माझंही त्यातच धरलं होतं, कारण मीही तिथलाच ना, फोटोखालचा.

आणि मग त्याने मला एकट्याला मेसेज टाकला. "तुझं ठेवतो. नुसतं हो म्हण. पनवेलचं नंतर बघू."

हो. एक अक्षर! तेवढंच लिहायचं होतं. ज्याने कॉलेज सोडताना कोणाला विचारलं नाही, सख्ख्या बापाला तोंडावर नाही म्हटलं, त्या माझ्यासारख्याने काय लिहावं?

"विचारून सांगतो."

विचारून! मागे भाऊकाका उभे, बाजूला बाबा, भरलेलं ऑफिस, आणि माझी बोटं आपोआप तेच लिहून मोकळी झाली. वर माज असा, की म्हटलं, होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर. लीगमध्ये आणलं कोणी यांना? मीच ना? मलाच देतील.

मी उभा राहिलो आणि सांगितलं, एकच खातं राहणार, माझं ठेवू का?

भाऊकाका लगेच पुढे आले. "पोरगा गुनी हाय. त्याला संधी मिलंल, जरूर मिलंल. पन ह्या टायमाला अनुभवी मानूस पायजे."

अनुभवी! ज्याला पक, म्हणजे हॉकीतली ती चकती, आणि पकोडा यात फरक कळत नाही!

"भाऊंचं ठेवायचं, हात वर करा."

पिवळ्या बाह्या वर गेल्या. कमळीआत्याने माझ्याकडे बघून जीभ चावली आणि हात वर केला. मी बाबांकडे बघितलं. त्यांचाही वर.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"भाऊ मोठे आहेत."

"तुमचा खेळाडू काय करतो, माहितीय तुम्हाला?"

"भाऊंना माहितीय."

माझ्या बाजूने एकच हात. माझा. तोही मी अर्ध्यावरून खाली घेतला, लाज वाटली म्हणून.

पुढचं ऐका. भाऊकाकांना इंग्रजी लिहिता येत नाही. त्यामुळे व्हिक्टर कोनला काढा आणि भाऊ म्हात्रेला ठेवा, हे युहाला मलाच लिहावं लागलं. स्पेलिंग बघून, नीट. युहाने विचारलं, नक्की? भाऊकाका खांद्यावरून वाकून बघत होते. मी लिहिलं, नक्की.

पुढच्या आठवड्यापासून भाऊकाका लीगकडे फिरकलेसुद्धा नाहीत. मजकूर टाकायला सांगायला गेलो तर म्हणाले, "आता मंडलाची कबड्डी हाय, ता बर्फाचं ऱ्हाव दे." खातं तसंच पडलंय.

माझा तीन वर्षांचा खेळाडू गेला, पनवेल नावाचा संघ झाला नाही, आणि युहा आता माझ्याशी बोलत नाही.