पिशवीच्या कागदावरची सही

पडदा ओढा म्हटलं, तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "इथं तुला कोण बघतंय?"

दार सताड उघडं. बाहेर बाकावर माणसं. मी टेबलावर, साडी कमरेच्या वर, तापाने दात वाजत होते. मॅडमनी नाकाला रुमाल लावला आणि नर्सला म्हणाल्या, "यांच्या वस्तीतल्या बायका अशाच. सडल्यावर येतात."

सडल्यावर. मी सव्वीस वर्षांची होते.

जळगावचा तो खासगी दवाखाना. पारोळ्याजवळच्या आमच्या गावाहून मी आठ दिवस ताप अंगावर काढून आले होते. कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुई उचलायचं माझं काम, खाडा केला की जागेवर दुसरी बाई उभी. सोनोग्राफीत दिसलं, ओटीपोटात पू साठलाय. मला वाटलं, मी मरणार.

मॅडम माझ्याशी बोलल्याच नाहीत. नवऱ्याला आत बोलावलं. गर्भाची पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल, म्हणाल्या. मला अजून मूल नव्हतं, ते कुणी विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे हे नवीन नाही. सासूची गेली, जावेची गेली, शेजारच्या अक्काची गेली. प्रत्येकीच्या कागदावर सही नवऱ्याची.

माझ्याही नवऱ्याने पेन उचललं. तो वाईट माणूस नाही. तोही घाबरला होता. मला म्हणाला, "डॉक्टर सांगी राहिनात. बठ्ठा तरास जाई." सगळा त्रास जाईल, एवढंच त्याला कळलं होतं.

मी कागद ओढला. सातवी शिकलेय, वाचता येतं. खाली पेशंटच्या सहीची ओळ होती. कोरी.

"पोट मनं शे," माझं आहे, मी म्हटलं. "सही मी करसू. आन् आज करत नही."

मॅडम म्हणाल्या, "मग मर घरी जाऊन."

सरकारी दवाखाना गाठायला धुळ्याच्या एसटीत मी पोट धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आत फुटलं. माझ्याच हट्टाने मी मरतेय. नवरा शेजारी सोनोग्राफीचा कागद धरून बसला होता.

तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी पडदा ओढला. मग सगळं मलाच सांगितलं. सोनोग्राफीवर बघत सुईने पू काढू, बारीक नळी ठेवू, पोट फाडायचं नाही. नाहीच जमलं तर दुर्बिणीतून. धोका आहे, हेही सांगितलं. मी सही केली. नाव वाकडं आलं. तीन दिवस नळीतून हिरवट पू उतरला, मग ताप उतरला. पिशवी जागेवर आहे. मूल होईल का, ठाऊक नाही. ती भीती गेलेली नाही.

आता गावातली कुणी बाई पोट धरून निघाली की मी सोबत जाते. मागच्या महिन्यात नणंदेला तिच्या नवऱ्याने तिथंच नेलं, तेव्हा तिच्यासोबत त्याच मॅडमसमोर उभी राहिले. आधी पडदा मीच ओढला. मग तिच्या नवऱ्यापुढचा कागद उचलून तिच्या हातात दिला.

मॅडम म्हणाल्या, बाहेर थांब. नणंद पेशंटच्या सहीची शेवटची ओळ वाचेपर्यंत मी हलले नाही. पुढेही हलणार नाही.