तिसऱ्या हाकेला ओ

ट्रॅव्हल्सच्या धंद्यात दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. त्यातले हसायचे मी लग्नकार्यांत सांगून संपवले. हे उरलेत, कारण हे सांगितले की पुढच्या ट्रिपचं बुकिंग कमी होतं!

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आमची बस दर हिवाळ्यात कोकणात जायची. मोबाईल यायच्या आधीचा काळ. रत्नागिरीत टेकडीवर एक बाग, बाकावर बसलं की समोर सगळा समुद्र. संध्याकाळी तिथून माणसं गोळा करायचं काम माझं. आणि आमची माणसं कशी, तर तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाहीत. माणूस असला तर तीनदा बोलावतो, दुसरं काही असलं तर एकदाच, असं आईनं शिकवलेलं. त्यामुळं मला प्रत्येकाच्या नावानं तीनतीनदा बोंबलावं लागायचं.

*

एकदा एक रिटायर्ड मास्तर धापा टाकत बसमध्ये चढले. म्हणाले, "आलो की! तीनदा हाक मारलीसा, ऐकलं मी."

मी अजून बसमधून खाली उतरलोच नव्हतो.

*

पुढच्या वर्षी बागेतल्या माळ्यानं मला बाजूला घेतलं. इथं नाव घेऊन ओरडू नका, शिट्टी वाजवा, म्हणाला. का, ते काही केल्या सांगेना. मी मुकाट्यानं शिट्टी विकत घेतली.

*

त्यानंतर एका ट्रिपला आजऱ्याच्या शांताक्का होत्या. त्यांचा मुलगा बसवराज रत्नागिरीतच एका मच्छीमार बोटीवर कामाला गेलेला. बोट परत आली, तो आला नाही. अक्का बागेच्या कठड्याशी उभ्या होत्या, हाका मारून घसा पार बसलेला. मी बोलवायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला.

"तुमचा आवाज दांडगा हाय. मारा की हाक माझ्या लेकराला."

नाही म्हणवेना. दोन हाका वाऱ्यावर गेल्या. तिसरी मारली आणि कठड्याखालून, जिथं नुसता कडा आहे, "ओ" आला. बसमधल्यांनीही ऐकला.

अक्का बसमध्ये जाऊन बसल्या. शेजारच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. मी ड्रायव्हरजवळ बसलो. घाट संपेपर्यंत मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

कोल्हापूर आलं. सगळे उतरले. अक्का खाली उभ्या राहून दारातून आत बघत होत्या. "उतर की रं बाळा," असं म्हणत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"तुमीच सांगा त्याला. माझं ऐकंना त्यो. हाक तुमी मारलीसा."