लाव्यांचा ताप

मिरचीमावशी अठरा वर्षं लावा पक्ष्यांच्या शेडमध्ये राबत होती. मालकाचा जावई कारभार बघायला आला, तेव्हापासून ती दोघं एकमेकांना पाण्यात पाहत. मावशीची रीत ठरलेली होती. थंडीत पडदे सोडायचे, उन्हाळ्यात पत्र्यावर ओली पोती टाकायची, आणि पाखराच्या अंगाची उष्णता मोजायची ती सकाळी, ते निवांत बसलेलं असताना, अलगद उचलून. चार बुकं शिकलेल्या जावयाला हा सगळा अडाणीपणा वाटे.

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी तो थर्मामीटर घेऊन आत शिरला. भुसा उधळत पाखरांमागे धावला, अख्खी शेड डोक्यावर घेतली आणि शेवटी एक लावा धरून मोजला.

"त्रेचाळीस! थंडीत एक्केचाळीस होतं. सगळ्यांना ताप आलाय. बघा, चोची उघड्या टाकून धापा टाकतायत. पाण्यात औषध कालवा, आत्ताच्या आत्ता!"

"उन्हाळ्यात अंग थोडं चढतंच," मावशी फणकारली. "उरलेलं तुम्ही पळवून चढवलंत."

"अक्कल शिकवू नका! सांगितलं तेवढं करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

मावशीने मगभर पाण्यात औषध कालवलं. जावई भिंतीला टेकून उभा होता, घामाने थबथबलेला, तोंडाचा आ वासून धापा टाकत. मावशीने तोच मग त्याच्या तोंडाशी धरला.

"घ्या. आधी तुम्ही. लक्षणं तीच आहेत."