सुपारी रस्त्याला, हळकुंड बागेला

सुलक्षणा सहसा कुणाला हार जात नसे. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात वीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, दोन मुलं वाढवली, आणि बागेच्या टोकाला काचघर उभारून, आत हीटर लावून, त्या थंडीत कढीपत्ता जगवला. पण धाकटी जाऊ शशी कॅलिफोर्नियाहून आली की हिच्या पोटात दुखायला लागायचं. शशीचं मोठं घर, मोठी गाडी, तेही एक वेळ पचलं असतं. एक्क्याण्णवच्या जानेवारीत शशी जे बोलली ते मात्र पचेना.

"आमच्याकडे महामार्ग बांधायला राज्यानं कर्जरोखे काढावेत का, हेसुद्धा लोकांना विचारतात, ताई. आम्ही मत देऊन आलो!"

सुलक्षणाच्या बागेतून बायपास जाणार होता. काचघर बरोबर त्याच्या वाटेत. तिला कुणी विचारलं? कौन्सिलनं हॉलमध्ये नकाशा टांगला, चहा-बिस्किटं दिली, झालं. आणि या कालच्या पोरीला सरकार विचारतं, बाई, कर्ज काढू का म्हणून!

"मत काय, आम्हीही घेऊ शकतो," सुलक्षणा म्हणाली. "चार बायकांचा निकाल कौन्सिलला कळवते. मग बघू."

शनिवारी तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ओटीचं सामान समोरच होतं. तिनं एका रिकाम्या पातेल्यावर खण पसरला.

"रस्ता हवा असेल तर सुपारी टाका, नको असेल तर हळकुंड. हात खणाखालून घालायचा, कुणी डोकवायचं नाही. शशी, तू बस. तुझं मत तिकडं."

बायका हसत उठल्या, मुठी झाकून टाकून आल्या. सुलक्षणानं ऐटीत खण ओढला. पातेलं सुपाऱ्यांनी भरलेलं.

"अगं, कॉव्हेंट्रीहून यायला दीड तास लागला!" अलका म्हणाली. "तुझ्या कढीपत्त्यापायी आम्ही जन्मभर ट्रॅफिकमध्ये बसायचं का?"

"खाताना बरा लागतो तो!"

"लागतोच. म्हणून तर लवकर पोचायचंय."

सगळ्या खिदळल्या. सुलक्षणा सुपाऱ्या चिवडत राहिली. तळाशी हळकुंडं निघाली, पण दोनच. एक तिचं. दुसरं?

शशी खाली मान घालून तिळाचा लाडू चावत होती.

"तुला कुणी दिलं मत?"

"सकाळी तुम्हीच ओटी भरलीत ना माझी. त्यातलं टाकलं."

अख्ख्या खोलीत आपल्या बाजूनं एकच बाई, आणि तीही हीच! सुलक्षणाला रडू यायला हवं होतं, आला राग.

"म्हणजे तिकडेही तुझं मत, इकडेही तुझंच!"

कौन्सिलला कळवण्यासारखं काही उरलं नाही. बायका गेल्यावर दोघी जावा काचघरात गेल्या. काचघराचा आता भरवसा नव्हता, कढीपत्त्याची कुंडी घरात आणायची होती. शशीनं एका बाजूनं धरली, झाडाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"तुमच्याकडचा छपराला लागलाय, ठाऊक आहे मला," सुलक्षणा म्हणाली. "बोलू नकोस. उचल."